सर अलेक इसिगोनिस : लहान गाडीचा थोर शिल्पकार

पेणहून वडखळ, नागोठणे करीत रोह्यास जाणाऱ्या रस्त्यावरून दिवसभर ज्या लहान मोटारी धावतात, त्यांची टोपणे उघडून पाहिली तर बहुतेकींची रचना एकसारखी आढळेल. इंजिन पुढे असते व तेही आडवे बसविलेले असते. त्याची शक्ती पुढच्याच दोन चाकांस मिळते. चाके गाडीच्या चार कोपऱ्यांत सरकविलेली असतात आणि उरलेली बहुतेक जागा माणसांस व त्यांच्या सामानास मोकळी राहते. पाठीमागचे दार वर उचलून उघडणाऱ्या अशा गाडीस हॅचबॅक म्हणतात, हे आमच्या विद्यार्थ्यांस सांगणे नलगे. हीच साधी गाडी घेऊन, तिचे वजन घटवून, तिचे ब्रेक व टायर सुधारून हौशी तरुण घाटाच्या चढणीवर घड्याळाशी शर्यत करतात, किंवा शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर आपले कौशल्य अजमावून पाहतात. युरोपात हा छंद फार जुना आहे. आपल्या देशातही त्याचे चाहते वाढत आहेत.

संसारी माणसाची स्वस्त गाडी आणि हौशी माणसाची चपळ गाडी या वरवर पाहता दोन निराळ्या वस्तू वाटतात. परंतु एका पुरुषाच्या आयुष्यात या दोहोंचा असा मिलाफ झाला की, पुढे साऱ्या जगाने त्याचा कित्ता गिरविला. त्या पुरुषाचे नाव सर अलेक इसिगोनिस. त्यांचे चरित्र विद्यार्थ्यांस मनोरंजक वाटेल आणि पालकांसही विचार करावयास लावील, अशा समजुतीने ते येथे थोडक्यात देत आहे.

अलेक्झांडर आर्नोल्ड कॉन्स्टंटाइन इसिगोनिस यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०६ रोजी स्मुर्णा या बंदराच्या शहरी झाला. आज हे शहर तुर्कस्तानात असून त्यास इझमीर म्हणतात. पवित्र शास्त्राच्या वाचकांस स्मुर्णा हे नाव परिचित आहे. प्रकटीकरणाच्या पुस्तकात ज्या सात मंडळ्यांचा उल्लेख आहे त्यांपैकी एक तेथील होती. अलेकचे वडील ग्रीक वंशाचे पण ब्रिटिश नागरिक होते आणि आई जर्मन घराण्यातील होती. बंदरातील जहाजांस लागणारी यंत्रे करणारा कारखाना कुटुंबाच्या मालकीचा होता. लोखंड, वाफ, तेल आणि रेखाचित्रे यांच्या सान्निध्यात मुलाचे बाळपण गेले. आपल्या पेणेत गणपतीच्या कारखानदाराचा मुलगा जसा मातीच्या गोळ्याशी खेळता खेळताच मूर्तीचे अंग ओळखू लागतो, तसे या मुलाचे झाले. कारखाना हीच त्याची पहिली शाळा.

हे सुख फार दिवस टिकले नाही. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्या कुटुंबावर संकट आले. युद्ध संपते न संपते तोच ग्रीस व तुर्कस्तान यांच्यात नवा संघर्ष उभा राहिला. सप्टेंबर १९२२ मध्ये स्मुर्णा शहर आगीच्या भक्ष्यस्थानी पडले व सहस्रावधी लोक धक्क्यावर धावले. ब्रिटिश नागरिकांस आरमाराच्या जहाजांतून माल्टा बेटावर नेण्यात आले. त्यांत इसिगोनिस कुटुंबही होते. घर गेले, कारखाना गेला. वडिलांची प्रकृती आधीच खालावली होती. त्यांचा माल्टातच अंत झाला. आई आणि सोळा वर्षांचा मुलगा अशी दोघे १९२३ साली इंग्लंडात येऊन पोहोचली. परकी भूमी, तुटपुंजी पुंजी आणि एकमेकांचा आधार, एवढेच त्यांच्यापाशी होते.

मुलाने लंडनच्या बॅटर्सी पॉलिटेक्निकमध्ये यंत्रविद्येचा अभ्यास केला. चित्रे काढण्यात त्याचा हात असा चाले की, पाहणाऱ्याने थक्क व्हावे. परंतु गणित हा विषय त्यास वैऱ्यासारखा भासे. त्या परीक्षेत तो तीन वेळा अनुत्तीर्ण झाला. पदवीचा मार्ग खुंटला व पदविकेवर समाधान मानावे लागले. आमच्या काही विद्यार्थ्यांस या गोष्टीने विशेष आनंद होईल, म्हणून लगेच एक पुस्ती जोडणे भाग आहे. पुढे त्यांनी ज्या गाड्या निर्मिल्या, त्यांचे प्रत्येक माप, प्रत्येक दाब व प्रत्येक भार कोणीतरी हिशोबाने ताडून पाहिलाच होता. जॅक डॅनियल्स यांच्यासारखे दक्ष सहकारी ते काम करीत. कल्पना एकाची व हिशोब दुसऱ्याचा असेल, परंतु हिशोबावाचून गाडी एक पाऊलही पुढे जात नाही.

याच काळात आईने मुलास एक सिंगर गाडी घेऊन दिली आणि दोघांनी तीतून युरोपचा प्रवास केला. गाडी वाटेत वारंवार बिघडे व मुलगा ती वारंवार दुरुस्त करी. बिघडणाऱ्या गाडीइतका चांगला शिक्षक दुसरा नाही असे म्हणतात, ते येथे खरे ठरले. १९२८ च्या सुमारास इसिगोनिस लंडनच्या एका लहान संस्थेत नोकरीस लागले. १९३४ साली ते कॉव्हेन्ट्रीच्या हंबर कारखान्यात गेले व १९३६ साली ऑक्सफर्डजवळील कौली येथील मॉरिस कंपनीत आले. गाडीच्या पुढच्या दोन चाकांस एकमेकांपासून स्वतंत्र रीतीने खालीवर होऊ द्यावे, म्हणजे एका चाकास बसलेला धक्का दुसऱ्यास जाणवणार नाही, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

आता त्यांच्या छंदाकडे वळू. इंग्लंडात चढणीच्या शर्यतीची प्रथा जुनी आहे. वुस्टर परगण्यातील शेल्सली वॉल्श येथील टेकडीवर १९०५ सालापासून ही शर्यत होत आली आहे. तिचा मार्ग अवघा १००० यार्डांचा, म्हणजे एका किलोमीटरहूनही थोडा कमी आहे. रस्ता इतरांस बंद असतो. एका वेळी एकच गाडी सुटते, उभ्या स्थितीतून निघते आणि टेकडीच्या माथ्यापर्यंत किती सेकंदांत पोहोचली हे घड्याळ सांगते. शेजारी दुसरी गाडी नसल्यामुळे धक्काबुक्की नाही व हेवादावा नाही. चालकाचा सामना टेकडीशी, घड्याळाशी आणि स्वतःच्या चुकांशी असतो. थोड्या पैशांच्या हौशी माणसांस हा खेळ परवडे. म्हणून कारखान्यांतील तरुण यंत्रज्ञ त्यात हौसेने भाग घेत.

इसिगोनिस यांनी आरंभी ऑस्टिन सेव्हन जातीची एक लहान गाडी घेऊन तीत आपल्या मनाप्रमाणे फेरफार केले. पण जुन्या वस्त्रास ठिगळे लावून समाधान होईना. मग त्यांनी व त्यांचे मित्र जॉर्ज डाउसन यांनी ठरविले की, शर्यतीची एक गाडी स्वतःच घडवावी. दिवसा नोकरी व रात्री हे काम, असा क्रम कित्येक वर्षे चालला. विजेवर चालणारी हत्यारे त्यांच्यापाशी नव्हती. कानस, करवत, हातोडा आणि हात एवढाच सरंजाम होता. १९३८ साली ती गाडी पूर्ण झाली. तिचे नाव लाइटवेट स्पेशल, म्हणजे कमी वजनाची खास गाडी.

या नावातच त्या गाडीचे सारे मर्म आहे. इंजिन होते ऑस्टिन सेव्हनच्या जातीचे, साडेसातशे सीसीच्या आतले. मोठे इंजिन आणण्यास पैसा नव्हता. तेव्हा प्रश्न असा पडला की, शक्ती वाढविता येत नसेल तर काय करावे? उत्तर सरळ होते : ओझे कमी करावे. निराळा लोखंडी सांगाडा त्यांनी काढूनच टाकला. लाकडी प्लायवूडवर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवून त्याच्या फळ्यांनी गाडीच्या बाजू केल्या, आणि त्या बाजूंवरच सर्व भार घेतला. पोलादी स्प्रिंगांच्या जागी रबर वापरले. प्रत्येक भागास त्यांनी जणू एकच प्रश्न विचारला : तुझ्यावाचून चालेल काय? चालत असेल तर त्या भागास निरोप मिळे. अशा या गाडीने प्रेस्कॉट व शेल्सली वॉल्श येथील टेकड्यांवर चांगली कामगिरी करून दाखविली.

हौशी गाडीची सिद्धता कशी करावी, याचा क्रम या एका उदाहरणात आला आहे. आजचा तरुण साधी हॅचबॅक घेतो आणि प्रथम इंजिनाची शक्ती वाढविण्याच्या मागे लागतो. जाणते लोक हा क्रम उलटा मानतात. आधी अनावश्यक ओझे उतरवावे. मागची बैठक, जादा चाक, पत्र्याखालचे अस्तर ही शर्यतीपुरती काढून ठेवावीत. मग टायरांची पकड पाहावी, कारण गाडी व पृथ्वी यांचा संबंध तळहाताएवढ्या चार जागांपुरताच असतो. त्यानंतर ब्रेक. वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट न होता चौपट होते, हे पदार्थविज्ञानाच्या वर्गात आपण शिकलोच आहोत. ब्रेकमधील तेल हवेतील ओलावा शोषते. जुने तेल तापले की त्यास उकळी फुटते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पायाखालचा ब्रेक ऐनवेळी पोकळ लागतो. म्हणून नवे तेल व उष्णतेस दाद न देणारे ब्रेक पॅड हवेत. पुढे स्प्रिंगा, शॉक ॲब्सॉर्बर व चाकांचे कोन जुळवावेत. इतके सर्व झाल्यावरच इंजिनाकडे वळावे.

चढणीची शर्यत व बंदिस्त मार्गावरील दिवस, ज्यास तिकडे ट्रॅक डे म्हणतात, या दोहोंच्या गरजाही भिन्न आहेत. चढण एखाद्या मिनिटात संपते, तोवर टायर व ब्रेक नीट तापतही नाहीत. यास्तव थंड असतानाच पकड धरणारे टायर आणि जोमाने उचल घेणारा पहिला गिअर तेथे उपयोगी पडतात. उलट ट्रॅकवर गाडी एकामागून एक फेऱ्या मारते. तेथे खरा शत्रू उष्णता. इंजिनाचे तेल, पाणी, ब्रेक, टायर या सर्वांस ताप चढतो, आणि जो चालक मधून मधून एखादी फेरी सावकाश काढून गाडीस श्वास घेऊ देतो, तोच संध्याकाळी तिच्यातून घरी परततो. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीचा आणखी एक स्वभाव ध्यानात ठेवावा लागतो. तीच चाके ओढतात आणि तीच वळतात. दोन्ही कामांचा बोजा एकदम टाकला तर ती वळण्याचे नाकारून सरळ जाऊ लागतात. चढावर भार मागे सरकतो व पुढची चाके हलकी होऊन जागीच फिरू पाहतात. म्हणून अशा गाडीचा निष्णात चालक वळणाआधी वेग उतरवितो, शांतपणे वळतो, आणि चाके सरळ होऊ लागली म्हणजेच शक्ती देतो. उतावळेपणा येथे कामाचा नाही.

असो. आपण चरित्राकडे परत जाऊ. दुसरे महायुद्ध चालू असतानाच इसिगोनिस यांनी सामान्य कुटुंबासाठी एका लहान गाडीचे आराखडे करण्यास आरंभ केला. तीच १९४८ साली प्रसिद्ध झालेली मॉरिस मायनर होय. गाडी जवळजवळ सिद्ध झाली असता तिचा आकार त्यांच्या डोळ्यांस खटकू लागला. त्यांनी नमुन्याची गाडी उभी चिरून तिचे दोन भाग केले आणि ते हळूहळू दूर सरकवून पाहिले. चार इंचांचे अंतर पडताच त्यांच्या डोळ्यांचे समाधान झाले. गाडी चार इंच रुंद झाली व रस्त्यावर अधिक स्थिर बसली. कारखान्याचे धनी लॉर्ड नफील्ड यांस तिचे रूप मुळीच आवडले नव्हते. परंतु लोकांनी तिला उचलून धरले. दहा लाखांचा आकडा गाठणारी ती पहिली ब्रिटिश गाडी ठरली. आपल्या देशातही हिंदुस्थान मोटर्सने ती बेबी हिंदुस्थान या नावाने काढली होती.

१९५२ साली मॉरिस व ऑस्टिन या कंपन्या एक झाल्या. इसिगोनिस यांनी ती जागा सोडून अल्विस कंपनीत एका मोठ्या, महाग गाडीचे काम पत्करले. परंतु खर्चाच्या भीतीने तो बेत १९५५ साली सोडून देण्यात आला. तीन वर्षांचे श्रम वाया गेले. त्याच वर्षी त्यांस जुन्या कंपनीने परत बोलाविले. एका परीने ही निराशा उपकारकच ठरली, कारण जे काम त्यांची वाट पाहत होते ते मोठ्या गाडीचे नव्हतेच.

१९५६ च्या जुलैत इजिप्तने सुवेझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले आणि त्या वर्षअखेर युद्धामुळे तो मार्ग बंद पडला. मुंबईच्या बंदरातून युरोपास जाणारी जहाजे ज्या कालव्यातून जात, तोच हा कालवा. तेलाची जहाजे अडली आणि डिसेंबरात ब्रिटनमध्ये पेट्रोल मोजून मिळू लागले. लोक थोड्या पेट्रोलवर चालणाऱ्या, बुडबुड्यासारख्या दिसणाऱ्या चिमुकल्या जर्मन गाड्या घेऊ लागले. तेव्हा कंपनीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी १९५७ च्या आरंभी इसिगोनिस यांस सांगितले की, हातची सर्व कामे बाजूस ठेवून खरीखुरी अशी एक लहान गाडी करावी. अट एकच : इंजिन कारखान्यात तयार असलेलेच वापरावे.

मर्यादा जितकी कडक, तितकी या पुरुषाची बुद्धी अधिक उजळे. त्यांनी गाडीची लांबी सुमारे दहा फूट ठरविली आणि त्या दहांपैकी बहुतेक जागा माणसांस देण्याचा निश्चय केला. मग इंजिन कोठे ठेवावे? ते उभे बसविले तर जागा खाणार. त्यांनी ते आडवे फिरविले. गिअरबॉक्स कोठे ठेवावी? इंजिनाच्या खाली, तेलाच्या टाकीतच. दोघांस एकच तेल. चाके मोठी असली तर त्यांच्या कमानी आत येणार. म्हणून अवघ्या दहा इंचांची चाके घेतली, आणि त्यांजसाठी डनलॉप कंपनीकडून नवे टायर करवून घेतले. स्प्रिंगांस जागा लागते. म्हणून त्यांचे मित्र ॲलेक्स मोल्टन यांनी रबराचे लहान शंकू करून दिले. टेकडीवर चढणाऱ्या लाइटवेट स्पेशलमधील रबर वीस वर्षांनी असे संसारी गाडीत आले. आडवे इंजिन पूर्वी जर्मनीत व स्वीडनात वापरले गेले होते हे खरे. परंतु इतक्या गोष्टी इतक्या थोड्या जागेत कोणी बसविल्या नव्हत्या.

२६ ऑगस्ट १९५९ रोजी गाडी प्रसिद्ध झाली. मॉरिस मिनी-मायनर आणि ऑस्टिन सेव्हन अशी दोन नावे तिला आरंभी मिळाली. ज्या ऑस्टिन सेव्हनवर तरुणपणी हात बसविला, तिचेच नाव आपल्या अपत्यास मिळालेले त्यांनी पाहिले. पुढे मिनी एवढेच नाव लोकांच्या तोंडी राहिले. तिचे इंजिन ८४८ सीसीचे व शक्ती ३४ अश्वांची. करासह किंमत ४९६ पौंड. वजन सुमारे ६०० किलो. पहिल्या गाड्यांच्या तळाशी पत्र्याचा जोड चुकीच्या बाजूने घेतल्यामुळे पावसात पाणी आत येई व पाय भिजत. आपल्या कोकणच्या पावसात त्या गाडीची काय गत झाली असती, याची कल्पनाच केलेली बरी! दोष पुढे दुरुस्त करण्यात आला.

गाडी गरिबांसाठी केली होती. परंतु तिचा चपळपणा शर्यतीच्या लोकांनी तात्काळ ओळखला. चाके कोपऱ्यांत, भार खाली व पुढच्या ओढणाऱ्या चाकांवर, आणि स्टिअरिंग असे की विचार येताच गाडी वळावी. जॉन कूपर हे शर्यतीच्या गाड्यांचे नामांकित कारागीर. त्यांच्या संघाने १९५९ व १९६० अशी दोन वर्षे जागतिक फॉर्म्युला वनचे कारखानदारांचे अजिंक्यपद मिळविले होते. त्यांनी इसिगोनिस यांस सुचविले की, या गाडीची एक तेज आवृत्ती काढावी. इसिगोनिस यांस ही सूचना रुचली नाही. आपली गाडी सामान्य जनांसाठी आहे, शर्यतबाजांसाठी नव्हे, अशी त्यांची धारणा होती. कूपर यांनी कंपनीच्या वरिष्ठांचे मन वळविले व १९६१ साली मिनी कूपर निघाली. तिचे इंजिन ९९७ सीसीचे, त्यास दोन कार्ब्युरेटर आणि शक्ती ५५ अश्वांची. परंतु ध्यानात घेण्याची गोष्ट ही की, शक्ती वाढविताच पुढच्या चाकांस डिस्क ब्रेकही बसविले. १९६३ साली आलेल्या कूपर एस गाडीत शक्ती ७० अश्वांवर गेली, तेव्हा ब्रेकही पुन्हा मोठे झाले. घोडा जितका तेज, लगाम तितकी बळकट.

युरोपात जानेवारी महिन्यात बर्फाच्या घाटांतून मोंटे कार्लोची प्रसिद्ध रॅली होते. १९६४ साली बेलफास्टचे पॅडी हॉपकर्क यांनी हेन्री लिडन यांस सोबत घेऊन मिनी कूपर एस गाडीतून ती जिंकली. प्रतिस्पर्ध्यांत प्रचंड इंजिनांच्या अमेरिकन फोर्ड फाल्कन गाड्या होत्या. गुणांच्या हिशोबात इंजिनाचा आकार धरला जात असे, त्याचाही लाभ लहान गाडीस झाला, हे मान्य केले पाहिजे. पण बर्फाळ वळणांवर तिने दाखविलेले चापल्य कोणास नाकारता आले नाही. १९६५ साली टिमो मॅकिनेन व १९६७ साली राउनो आल्टोनेन यांनी हे यश पुन्हा मिळविले. १९६६ सालीही पहिल्या तीन जागा मिनीच्याच होत्या, परंतु दिव्यांच्या नियमावरून त्या बाद ठरविण्यात आल्या. आपल्या वाचकांपैकी जे खोपोलीहून बोरघाट चढून गेले आहेत, त्यांस अशा वळणांवर लांब, जड गाडीची होणारी अडचण व लहान गाडीची होणारी सोय सहज उमजेल.

इसिगोनिस यांच्या स्वभावात दोषही होते, आणि चरित्रकाराने ते झाकू नयेत. ते हट्टी होते. गाडीत फार सुखासीन बैठक असली तर चालक बेसावध होईल असे त्यांस वाटे. गाडीत रेडिओ त्यांस आवडत नसे. ग्राहकांस काय हवे हे ग्राहकांस विचारण्यापेक्षा आपणच जाणतो अशी त्यांची वृत्ती होती. ज्या तेज गाडीने मिनीची कीर्ती जगभर नेली, तिला त्यांचाच आरंभी विरोध होता, हे आपण पाहिलेच. परंतु विरोध असूनही ते त्या कामाच्या आड आले नाहीत. मतभेदानंतरही हात आखडता न घेणे हा लहान गुण नव्हे. ते आजन्म अविवाहित राहिले. आई १९७२ साली निवर्तली, तोपर्यंत मातापुत्रांची ताटातूट झाली नाही.

१९६२ साली त्यांची ११०० व १९६४ साली १८०० ही गाडी आली. १९६९ साली निघालेली ऑस्टिन मॅक्सी ही त्यांची अखेरची मोठी कृती. तिच्या पाठीमागे वर उघडणारे पाचवे दार होते. मिनीस असे दार नव्हते. मिनीचा आकार व मॅक्सीचे दार एकत्र आले की आजची हॅचबॅक झाली, असे ढोबळ मानाने म्हणता येईल. गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटाखाली न ठेवता त्याच्या शेजारी ठेवण्याची सुधारणा इटलीच्या दांते जाकोसा यांनी रूढ केली व तीच आज सर्वत्र आढळते. १९७६ साली जर्मनीत फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय निघाली आणि तेज हॅचबॅकचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. आपल्या देशात डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिचे इंजिनही पुढे व आडवेच होते. लाखो मध्यमवर्गीय कुटुंबांची ती पहिली गाडी ठरली; त्या कुटुंबांस स्मुर्णाच्या त्या निर्वासित मुलाचे नाव बहुधा ठाऊकही नसेल.

इसिगोनिस १९६७ साली रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. गणितात तीन वेळा नापास झालेल्या मनुष्यास शास्त्रज्ञांच्या त्या सभेत आसन मिळाले. १९६९ साली त्यांस सर ही पदवी मिळाली, १९७१ साली ते निवृत्त झाले, आणि २ ऑक्टोबर १९८८ रोजी बर्मिंगहॅम येथे त्यांनी देह ठेवला. त्यांची मिनी त्यानंतरही बारा वर्षे निघत राहिली. ऑक्टोबर २००० मध्ये तिचे उत्पादन थांबले, तोवर ५३ लाखांहून अधिक गाड्या जगाच्या रस्त्यांवर आल्या होत्या. १९९९ साली विसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी गाडी निवडण्यात आली, तेव्हा फोर्डच्या मॉडेल टीच्या खालोखाल दुसरे स्थान मिनीस मिळाले.

या चरित्रापासून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी की, साधनांची उणीव ही बुद्धीची उणीव नव्हे. शुभवर्तमानातील दृष्टांतात ज्याप्रमाणे विश्वासू सेवकाने मिळालेली ठेव पुरून न ठेवता दुप्पट केली, त्याप्रमाणे या निर्वासित मुलाने लहान इंजिन, थोडी जागा व थोडा पैसा यांतूनच आपली थोरवी घडविली. आमच्या शाळेतील ज्या मुलाच्या घरी मोठी साधने नाहीत, त्याने हे विशेष ध्यानात धरावे.

दुसरी गोष्ट थोडी कठोर आहे, आणि ती मी आमच्या वरच्या वर्गांतील मुलांस उद्देशून लिहितो. हाती गाडी किंवा मोटारसायकल आली की सुकेळी खिंडीत किंवा भिसे खिंडीत तिची परीक्षा पाहण्याचा मोह तुम्हांस होतो. इसिगोनिसही तरुण होते, त्यांसही वेगाची ओढ होती. परंतु ती ओढ भागविण्यास त्यांनी बंद केलेली टेकडी निवडली. तेथे पंच होते, घड्याळ होते आणि समोरून येणारे कोणी नव्हते. खिंडीत मात्र वळणापलीकडे मालाने लादलेला ट्रक असतो, शाळेतून परतणारी मुले असतात, दूध घेऊन निघालेला कोणी सायकलस्वार असतो. त्यांपैकी कोणीही तुमच्या शर्यतीस संमती दिलेली नाही. महामार्गावरील अपघाताची वार्ता येते तेव्हा शर्यत कोणी जिंकली असे कोणी विचारीत नाही. ती कोणाची मुले होती, एवढेच विचारतात.

पालकांसही एक विनंती. मुलाच्या हाती पाना असलेला पाहून अभ्यास बुडाला असे लगेच समजू नये. ज्यास चाक उघडून ब्रेक तपासता येतो, जो तेलाचा वास ओळखतो, ज्यास आपल्या गाडीच्या पकडीची मर्यादा ठाऊक आहे, तो रस्त्यावर बहुधा अधिक विवेकाने वागतो. ज्यास खरोखरीच वेगाची विद्या शिकावयाची आहे, त्याच्यासाठी तमिळनाडूत इरुंगट्टुकोट्टै व कोइम्बतूर येथे शर्यतीचे बंदिस्त मार्ग आहेत. योग्य वय, परवाना व शिक्षण यांनिशी तेथे जाण्यात काहीच गैर नाही. तोवर त्याने घरच्याच गाडीपासून आरंभ करावा : टायरांतील हवा दर आठवड्यास मोजावी, ब्रेकच्या तेलाची तारीख वहीत लिहून ठेवावी, आणि डिकीतील निरुपयोगी ओझे उतरवावे. सर अलेक इसिगोनिस यांच्या विद्येचा पहिला धडा तोच आहे, आणि त्यास एक पैसाही लागत नाही.